संदुकीतली लेन्स, नवा कॅमेरा आणि मधले काही मिलिमीटर

"भाऊ, आजोबाच्या कॅमेऱ्याची लेन्स हाये. माह्या कॅमेऱ्याले लागन का?"

तालुक्याच्या गावात फोटोचं काम करणाऱ्याला हा प्रश्न अधूनमधून येतोच. वरुड, आर्वी, दर्यापूर, पुसद, ब्रह्मपुरी, कुठलंही गाव घ्या. बसस्टँडजवळच्या जुन्या स्टुडिओत आता झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आलेलं असतं आणि डार्करूममधलं सामान माळ्यावर नाहीतर संदुकीत पडलेलं असतं. नातवाच्या हातात लग्नाच्या ऑर्डरींसाठी घेतलेला चांगला डिजिटल कॅमेरा असतो. ही लेन्स त्या कॅमेऱ्यावर चालेल का, हे दुकानात कोणी सांगत नाही, कारण दुकानदाराला नवी लेन्स विकायची असते.

कंपनी, किंमत, वय हे सगळं नंतर. आधी बघायचं एक अंतर: लेन्स आणि तिच्यामागे चित्र जिथे नीट उमटतं ती जागा, या दोहोंमधलं. हे जुळलं तर शंभर वर्षांपूर्वीची पितळी लेन्सही आजच्या कॅमेऱ्यावर चालते. जुळलं नाही तर एकाच कंपनीची लेन्स त्याच कंपनीच्या कॅमेऱ्याला नको होते. कॅननच्या जुन्या एफडी लेन्सचं तसंच झालं. १९८७ मध्ये कॅननने ईएफ नावाचा नवा माउंट, म्हणजे लेन्स बसायचं कडं, आणला आणि अंतर ४२ मिमीवरून ४४ मिमी केलं. त्या दोन मिलिमीटरमुळे एफडी लेन्स कॅननच्याच डीएसएलआरवर (आत आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर) सरळ चालत नाहीत. गंमत म्हणजे सोनीच्या मिररलेसवर, म्हणजे बिनआरशाच्या कॅमेऱ्यावर, त्या मजेत चालतात.

हे अंतर डोळ्यांनी बघता येतं. दुपारी खोलीत अंधार करा, एकच खिडकी उघडी ठेवा. खिडकीसमोर पांढरा कागद धरा आणि मधे लेन्स, तिचं तोंड बाहेरच्या लांबच्या झाडाकडे. लेन्सवर फोकसची रिंग असेल तर ती पार टोकाला, म्हणजे आडव्या आठच्या खुणेवर ठेवा. आता कागद मागेपुढे करा. एका जागी कागदावर कडुनिंबाचं झाड उलटं आणि चरचरीत उमटेल. लेन्सच्या मागच्या कड्यापासून कागदापर्यंत फूटपट्टी लावा. हेच त्या लेन्सचं अंतर. फोटोवाले याला फ्लँज डिस्टन्स म्हणतात. हा प्रयोग उन्हात सूर्याकडे तोंड करून करू नका, आणि लेन्स झाकण न लावता खिडकीत ठेवून तर अजिबात जाऊ नका. घरात कापूस भरून ठेवलेला असेल तर का, ते सांगायला नको.

डिजिटल कॅमेऱ्याचंही असंच अंतर असतं, माउंटाच्या कड्यापासून सेन्सरपर्यंतचं (सेन्सर म्हणजे फिल्मच्या जागी चित्र टिपणारा भाग), आणि ते ठरलेलं असतं. डीएसएलआरमध्ये लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये आरसा हलतो. त्याला जागा लागते म्हणून अंतर मोठं: निकॉन एफ ४६.५ मिमी, कॅनन ईएफ ४४ मिमी. मिररलेसमध्ये आरसाच नाही, त्यामुळे अंतर बरंच कमी: निकॉन झेड १६, फुजी एक्स १७.७, सोनी ई १८, कॅनन आरएफ २० मिमी. आरसा असलेल्या बहुतेक जुन्या फिल्म कॅमेऱ्यांच्या लेन्सचं अंतर ४२ ते ४६.५ मिमीच्या घरात असतं. मिनोल्टा ४३.५, पेन्टॅक्स के ४५.४६, ऑलिंपस ओएम ४६.

आता शाळेतली वजाबाकी. लेन्सच्या अंतरातून कॅमेऱ्याचं अंतर वजा करा. जे उरेल तेवढ्या जाडीची धातूची रिंग म्हणजे अडॅप्टर. ४५.४६ मिमी अंतराची लेन्स सोनीवर लावायची तर अडॅप्टर २७.४६ मिमी जाड, आत काच नाही, वायर नाही, नुसती पोकळ नळी. हीच लेन्स कॅननच्या डीएसएलआरवर लावायची तर १.४६ मिमीची चकती पुरते. निकॉनच्या डीएसएलआरवर मात्र उत्तर उणे एक मिलिमीटर येतं, आणि उणे जाडीची रिंग कोणी बनवू शकत नाही.

मग लोक ती निकॉनवर लावतात तरी कशी? चकती लावून बसते हो, पण लेन्स सेन्सरपासून एक मिलिमीटर लांब राहते. एवढ्याने काय होतं हे ५८ मिमीच्या लेन्सवर (हा आकडा फ्लँजचा नाही, फोकल लेंग्थचा: तो जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं) मोजून बघितलं तर साधारण सव्वातीन मीटरच्या पलीकडचं काहीच फोकसमध्ये येत नाही. अकरा फुटांवर उभ्या माणसाचा चेहरा जेमतेम चालेल. शेत, डोंगर, मांडव, सगळं धूसर. बाजारात निकॉनसाठी आत काच असलेले अडॅप्टर मिळतात, ते हा मिलिमीटर भरून काढतात. पण चांगल्या लेन्समागे हलकी काच लावण्यात मला अर्थ दिसत नाही. त्यापेक्षा एखादी जुनी मिररलेस बॉडी सेकंडहँड घ्यावी. निकॉनच्याच जुन्या लेन्स निकॉनच्या डीएसएलआरवर लावायच्या तर अडॅप्टर लागत नाही, फक्त १९७७ मध्ये आलेल्या, लेन्सचं ॲपर्चर बॉडीला कळवणाऱ्या एआय पद्धतीच्या आधीची लेन्स जोर लावून बसवू नका. बऱ्याच बॉडींच्या कड्याला एक बारीक पट्टी असते, ती मोडते.

आता संदूक उघडू. आपल्याकडे हमखास निघणाऱ्या चार-पाच वस्तू आहेत.

सगळ्यात सोयीची म्हणजे रशियन झेनिट कॅमेऱ्यावरची हेलिऑस ४४. ५८ मिमी, एफ/२ (एफचा आकडा जितका लहान तितका लेन्स उजेड जास्त घेते). जर्मनीच्या कार्ल झाईस कंपनीच्या युद्धापूर्वीच्या बायोटार लेन्सवरून सोव्हिएत कारखान्यांनी ही बनवली आणि अमाप बनवली. बहुतेकींचं माउंट एम४२ नावाचं, म्हणजे ४२ मिमी व्यासाचे आटे, लेन्स सरळ फिरवून बसवायची. एम४२चा अडॅप्टर जवळजवळ प्रत्येक मिररलेससाठी मिळतो आणि स्वस्तही असतो. पेन्टॅक्स के१००० निघाला तर तोही तितकाच सोपा. हा कॅमेरा १९७६ ते १९९७ इतकी वर्षं बनत होता, त्यामुळे त्याच्या ५० मिमीच्या लेन्स पुष्कळ आहेत.

फसगत होते ती ३९ मिमीच्या आट्यांवर. जुन्या झेनिटच्या काही लेन्सना ३९ मिमीचे आटे, जुन्या लायकाच्या लेन्सनाही तेच आणि डार्करूममधल्या एन्लार्जरच्या लेन्सनाही बहुधा तेच. तिन्ही एकमेकांच्या अडॅप्टरवर बिनतक्रार फिरतात. पण लायकाचं अंतर २८.८ मिमी आणि झेनिटचं ४५ च्या वर. झेनिटची लेन्स लायकाच्या अडॅप्टरवर लावली तर फोकस कुठेच येत नाही, आणि लेन्स खराब आहे असं समजून ती कबाड्याकडे जाते. आटे जुळले म्हणजे लेन्स जुळली असं नाही. खिडकीचा प्रयोग इथे कामी येतो.

एन्लार्जरची लेन्स मला स्वतःला सगळ्यात आवडते, आणि लोक तिलाच फेकतात. फिल्मवरचा फोटो कागदावर मोठा करायचं तिचं काम, म्हणजे जवळची सपाट वस्तू कडेपासून कडेपर्यंत रेखीव दाखवण्यासाठीच ती घडवलेली. तिला फोकसची रिंग नसते. म्हणून ती हेलिकॉइडवर, म्हणजे फिरवली की आट्यांवर पुढेमागे सरकणाऱ्या नळीवर, नाहीतर भात्यावर बसवायची. ५० मिमीची लेन्स नेहमीच्या जागेपासून आणखी ५० मिमी पुढे नेली की वस्तू सेन्सरवर आहे त्या आकाराची उमटते. गुलाबी बोंडअळी पूर्ण वाढली की साधारण सव्वा सेंटिमीटरची असते, ती ३६ मिमी रुंद सेन्सरचा तिसरा हिस्सा व्यापते. कृषी खात्याच्या माणसाला पाठवायला यापेक्षा स्पष्ट फोटो मोबाइलवर निघणार नाही. संत्र्याच्या आंबिया बहराची फुलं, पानांखालची काळी माशी, सोयाबीनवरची उंटअळी, सगळं याच लेन्सचं काम. फक्त इतक्या जवळ प्रकाश फार कमी पडतो आणि वारा असला की हाताशी काही लागत नाही. सकाळी लवकर जा, स्टँड न्या.

लाकडी कॅमेरा सापडला तर जरा थांबा. काळं कापड डोक्यावर घेऊन फोटो काढायचा तो. असे कॅमेरे आपल्याच देशात बनायचे. केरळातल्या आलप्पुळ्याला के. करुणाकरन यांनी १९४०च्या दशकात सुरू केलेला वागीश्वरी कॅमेरा देशभरच्या स्टुडिओंत गेला. यांच्या लेन्सला बहुतेकदा शटर नसतं, टोपी काढायची आणि लावायची. डिजिटलला त्याची अडचण नाही, शटर कॅमेऱ्यात आहेच. अडचण अंतराची. अशी लेन्स चित्र उमटवते ती पंधरा-वीस सेंटिमीटर मागे. म्हणजे मिररलेसवर लावायला वीतभर लांब नळी हवी. आपल्याकडे त्याला तोटा नाही: बोअरच्या पाइपाचा तुकडा, आतून काळा मॅट रंग, एका टोकाला भोक पाडलेली कॅमेऱ्याची बॉडीकॅप, मधे हेलिकॉइड. आतला काळा रंग टाळू नका. ही लेन्स पोस्टकार्डाएवढ्या किंवा त्याहून मोठ्या प्लेटवर चित्र टाकायला बनलेली आहे आणि तुमचा सेन्सर फार तर ३६ बाय २४ मिमीचा. बाकीचा सगळा प्रकाश नळीच्या भिंतींवर आपटून फोटो दुधाळ करतो. मधला तुकडाच वापरला गेल्याने ही लेन्स टेलीफोटोसारखी वागते. २१० मिमीची असेल तर बांधावरचा नीळकंठ किंवा तळ्याकाठचा बगळा टिपायला बरी. पण कॅमेरा अख्खा असेल, भाता शाबूत असेल, तर लेन्स काढू नका. सुटी लेन्स पुष्कळ मिळतात, अख्खे कॅमेरे नाही.

याशिका मॅट १२४जी, एकावर एक दोन लेन्स असलेला, लग्नाच्या जुन्या फोटोवाल्यांचा लाडका. त्याच्या लेन्स सुटत नाहीत आणि चालू असेल तर सोडवूही नयेत, त्याला लागणारी १२० नंबरची रुंद फिल्म अजून मिळते. शटर कायमचं गेलेला सापडला तर खालची फोटो काढायची लेन्स राहू द्या आणि वरची बघायची काढून घ्या. तिच्यात शटर नाही, ती ८० मिमी एफ/२.८ आहे आणि खालच्या एफ/३.५ पेक्षा जास्त उजेड घेते. ॲपर्चरची, म्हणजे उजेडाचं भोक लहानमोठं करणारी, पाती मात्र तिला नाहीत, कायम उघडीच. अॅग्फा क्लिक थ्री हा साधा बॉक्स कॅमेरा निघाला तर शोकेसमध्ये ठेवा.

लेन्स बसली. कॅमेरा सुरू केला आणि स्क्रीनवर 'लेन्स नाही' असा संदेश आला, शटर दबतच नाही. हे बिघडलेलं नाही. जुन्या लेन्सला विजेचे काटे नाहीत, म्हणून कॅमेऱ्याला ती दिसत नाही. मेनूत 'लेन्सशिवाय शटर' असा पर्याय असतो, तो चालू करा. मोड ॲपर्चर प्रायॉरिटी किंवा मॅन्युअल. ॲपर्चर लेन्सवरच्या रिंगने बदलायचं, कॅमेऱ्याच्या चाकाने नाही. हेलिऑस ४४-२ वर दोन रिंगा असतात. एकीने आकडा ठरवायचा, दुसरीने उघडझाप करायची. नंतरच्या एम४२ लेन्सच्या मागे एक बारीक पिन असते, ती दाबली गेली तरच पाती मिटतात. अशा लेन्सवर ए आणि एम असं बटण असेल तर एम वर ठेवा. नसेल तर पिन दाबणारी कड असलेला अडॅप्टर मागा. बॉडीत हात हलण्यावर उपाय करणारी यंत्रणा असेल तर तिला लेन्स किती मिमीची ते मेनूत आकड्याने सांगावं लागतं. चुकीचा आकडा राहिला तर फोटो उलट जास्त हलतात.

फोकस हाताने. फोकस पीकिंग चालू केलं की फोकसमधल्या कडा लाल किंवा पिवळ्या चमकतात. पण एफ/२ ला फक्त त्या रंगावर विसंबू नका, समोरच्या माणसाच्या डोळ्यावर चौकट आणून स्क्रीनवर चित्र मोठं करून बघा. पोळ्याला तोरणाखालून बैल निघाले की मागे लागून फोकस धरता येत नाही. तोरणाच्या बांबूवर आधीच फोकस लावून, एफ/८ करून, जोडी तिथे येईपर्यंत थांबायचं. लग्नात वरमालेच्या वेळी ही लेन्स काढूच नका. तिथे दुसरी संधी नसते.

आता अडॅप्टरबद्दल. तो नुसती रिंग असला तरी जाडी अचूक हवी. कागदाच्या एका पानाएवढा, म्हणजे एक दशांश मिलिमीटर, तो जाड झाला तर ५८ मिमीच्या लेन्सला साधारण ३४ मीटरच्या पुढचं स्पष्ट दिसणार नाही. म्हणून स्वस्त अडॅप्टर मुद्दाम थोडा पातळ करतात. मग लांबचं फोकस मिळतं, पण रिंगवरचे मीटरचे आकडे खोटे पडतात. आकड्यांकडे बघून फोकस लावायची सवय असेल तर ती सोडा. लेन्स बसवून हलवून बघा, खुळखुळली तर अडॅप्टर परत करा. आणि जड लेन्स लावली की कॅमेरा लेन्सला धरून उचला, बॉडीला धरून नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, असं कोणी विचारेल. स्वस्तात एफ/२ मिळते, हे एक कारण. वडसा, गडचिरोली, चंद्रपूरकडे दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात, तिथे मंडपातल्या उजेडात कॅमेऱ्यासोबत आलेल्या किटच्या झूमने आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपायची संवेदनशीलता, कुठच्या कुठे वाढवावी लागते. पण खरं कारण या लेन्सच्या खोडी. प्रत्येक काचेच्या पृष्ठभागावर हवेतून येणारा साधारण ४ टक्के प्रकाश परतून जातो. हेलिऑसमध्ये ६ काचा ४ गटांत, म्हणजे असे ८ पृष्ठभाग. लेप नसता तर एकूण सव्वीस-अठ्ठावीस टक्के प्रकाश वाटेतच गेला असता, आणि त्यातला काही आतल्या आत उड्या मारून चित्रावर पडला असता. हा परावर्तन कमी करणारा लेप १९३५ मध्ये झाईसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी शोधला. जुन्या लेन्सवर त्याचा एकच थर असतो, आजच्या लेन्सवर अनेक. म्हणून जुन्या लेन्सला समोरून दिवा आला की चित्रावर धुकं पसरतं, रंग फिके होतात. नाटकाच्या फोटोत ते कधी खुलून दिसतं. मे महिन्याच्या दुपारी मात्र नुसता चोथा होतो, तेव्हा हूड लावा, नाहीतर टोपी आडवी धरा.

हेलिऑसची दुसरी खोड म्हणजे मागची पार्श्वभूमी गोल गोल फिरल्यासारखी दिसणं. कडेकडून तिरपा येणारा प्रकाश लेन्सच्या नळीत अर्धा अडतो, त्यामुळे कडेचे प्रकाशबिंदू गोल न राहता बदामाच्या आकाराचे होतात आणि मध्याभोवती वळतात. लेन्समधले इतर दोष त्यात भर घालतात. हे दिसायला पानांतून कवडसे येणारी झाडी मागे हवी. संत्र्याचा बाग उत्तम, सागाचं रानही. माणूस दीड-दोन मीटरवर, झाडी त्याच्या बरीच मागे, ॲपर्चर पूर्ण उघडं. तुमचा सेन्सर एपीएस-सी असेल, म्हणजे साधारण २३.५ बाय १५.६ मिमीचा, तर कडाच कापल्या जातात आणि हा परिणाम अर्धाही राहत नाही. ज्यांना फक्त त्यासाठीच लेन्स घ्यायची आहे, त्यांनी आधी आपला सेन्सर बघावा.

विकत घेण्याआधी लेन्समध्ये मोबाइलची टॉर्च मागून मारून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. दुधी थर म्हणजे आतल्या वंगणाची वाफ बसली. पात्यांवर तेलाचे डाग असतील तर ती लेन्स एखाद्या उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात नाहीतर गाडीच्या डिकीत भाजली आहे. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा ग्रीस पातळ होऊन ओघळतं. हेलिऑससारख्या हाताने पाती हलवायच्या लेन्सला यातून फारसं बिघडत नाही. आपोआप मिटणाऱ्या पात्यांच्या लेन्स मात्र अडकतात. काच पिवळी दिसली आणि लेन्स जुनी सुपर टाकुमार ५० मिमी एफ/१.४ असेल तर घाबरू नका. तिच्या काचेत थोरियम असतं, ते काळाने काच पिवळी करतं. अतिनील दिव्याखाली काही दिवस ठेवली की बरीच उतरते. किरणोत्सर्ग किंचित असतो, फोटो काढण्याने काही होत नाही, फक्त ती लेन्स खोलून काच घासू नका.

बुरशी आपण पावसाळ्याच्या नावावर टाकतो, पण विदर्भात ती उन्हाळ्यातही लागते, आणि कारण घरातलंच असतं: कूलर. बाहेर हवा कोरडी ठणठणीत, आणि आपण ज्या खोलीत पाण्याचा कूलर लावतो तिथेच कपाटात, चामड्याच्या जुन्या केसमध्ये, लेन्स ठेवतो. चामडं ओल धरतं. केस वेगळी ठेवा. लेन्स घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये. निळे दाणे गुलाबी झाले की स्टीलच्या ताटलीत घालून मंद आचेवर निळे होईपर्यंत सुकवायचे, ती ताटली पुन्हा स्वयंपाकाला वापरायची नाही. तांदळात लेन्स ठेवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, पीठ आट्यांत जातं.